क्विनोआ राहू दे, आधी मिठाची पुडी किती दिवस पुरते ते बघ

पत्र:

मावशी नमस्कार. तुमचं सदर मी आणि सासूबाई दोघीही वाचतो म्हणून जरा जपूनच लिहितेय. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते, वय ३६, घरी आम्ही पाच जणं, मी, हे, सासू-सासरे आणि ९ वर्षांची मुलगी. मागच्या दिवाळीत सासऱ्यांची शुगर वाढलेली निघाली तेव्हापासून मी नेटवर खाण्यापिण्याबद्दल वाचायला लागले आणि आता रोज रात्री तासभर तेच चालतं. एक म्हणतं भात बंद करा, दुसरं म्हणतं गहूच विष आहे, तिसरं म्हणतं तूप हवं तेवढं खा. मी क्विनोआ, चिया, ॲपल सायडर व्हिनेगर, नारळाचं कोल्ड प्रेस तेल असं २,३०० रुपयांचं सामान मागवलं. क्विनोआची खिचडी कोणी खाल्ली नाही, मीच दोन दिवस संपवली. भात मी महिनाभर बंद केला तर सासूबाई जेवणावरून उठून गेल्या. यांना सकाळी पोहे-जलेबी लागतात, वर सेव. आणि मेन गोष्ट म्हणजे मी दाखवलेला मेथीच्या पाण्याचा व्हिडिओ बघून सासऱ्यांनी दहा दिवसांपासून शुगरची एक गोळी सोडलीय, मला आता रात्री झोप येत नाही. कोणाचं ऐकू? तुम्ही मागे एकीला महिन्याचा किराणा विचारला होता म्हणून मीपण लिहिते. आटा २० किलो, तांदूळ ८, पोहे-रवा मिळून ४, सगळ्या डाळी-कडधान्यं मिळून ४ किलो, तेल ७ लिटर, तूप १ किलो, साखर ६ किलो, सेव ३ किलो, मिठाची किलोची पुडी २४ दिवसांत संपते, भाजी रोज साधारण एक किलो. — राजेंद्रनगरची सून

उत्तर:

आधी सासऱ्यांच्या गोळीचं बोलते, बाकीचं उद्या वाचलंस तरी चालेल. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन कर आणि सरळ सांग की दहा दिवस एक गोळी बंद आहे, लपवू नकोस, कोण ओरडेल याचा विचार करू नकोस. आणि मनानंच डबल गोळी देऊन भरपाईही करायची नाही हं, कुठली गोळी कधीपासून किती ते डॉक्टरच सांगतील. मेथीचं पाणी कोणी पीत असेल तर पिऊ दे पण ते गोळीच्या जागी बसत नाही, उलट मेथी-कारलं भरपूर आणि वर गोळी असं झालं तर काही जणांची शुगर एकदम खालीही जाते, म्हणून तेसुद्धा डॉक्टरांच्या कानावर घालायचं. शुगरची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी टेस्ट असते, ती शेवटची कधी केली ते त्यांच्या फाइलमध्ये बघ आणि करायची झाली असेल तर याच फेरीत करून घे. तू व्हिडिओ दाखवलास म्हणून स्वतःला खात बसू नकोस, तू काळजीनं दाखवलास, आता तेवढ्याच काळजीनं हे निस्तरायचं.

मी हे इतकं ठासून सांगते कारण माझ्या आईच्या बाबतीत माझ्याकडूनच हे झालंय. आईला बीपी होतं, मी कुठंतरी वाचलं की सैंधव मीठ बीपीवाल्यांना कितीही चालतं, ते नैसर्गिक आहे वगैरे, आणि मी घरातलं सगळं मीठ बदलून टाकलं आणि आईला म्हटलं आता चव मारून खायची गरज नाही. तीन महिन्यांनी बीपी आणखी वर. सैंधव मीठसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं, साध्या मिठासारखंच, शिवाय बऱ्याचदा त्यात आयोडीन घातलेलं नसतं. लिहिणाऱ्यानं आपलं नावगाव, शिक्षण काही दिलं नव्हतं आणि खाली त्याच मिठाची विक्री चालू होती, ते मी तेव्हा पाहिलंच नाही. आई आता नाही, ती दुसऱ्या आजारानं गेली, पण ते तीन महिने माझ्या मनातून जात नाहीत.

आता तुझा किराणा. फार बरं केलंस लिहून पाठवलास, मी कागद-पेन घेऊन बसले आणि हिशोब केला, तूही करून बघ, पाच माणसं आणि तीस दिवस म्हणजे १५० नं भागायचं. ताळा बघायला मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं, म्हणजे आयसीएमआरच्या एनआयएननं मे २०२४ मध्ये काढलेली आहाराची मार्गदर्शक सूत्रं घेतली, १७ आहेत ती, आणि त्यात दिवसाच्या ताटाचं प्रमाण दिलंय २००० कॅलरीच्या हिशोबानं. धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे आणि बिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध ३०० मिली. सगळी वजनं कच्ची, शिजवायच्या आधीची. मुलीला आणि म्हाताऱ्या माणसांना यात थोडं कमीजास्त होणार, पण घराचा अंदाज यायला एवढं पुरतं.

तुझ्या घरात आटा, तांदूळ, पोहे, रवा सगळं मिळून ३२ किलो, म्हणजे माणशी रोज २१३ ग्रॅम. अगं ते २५० च्या आतच आहे! ज्या भातावरून तू महिनाभर घरात भांडण ओढवून घेतलंस आणि सासूबाईंना ताटावरून उठवलंस तो भात तुझ्या घरातला गुन्हेगार नाहीच. आता तेल बघ. ७ लिटर तेल म्हणजे साधारण ६.४ किलो आणि तूप १ किलो, माणशी रोज ४९ ग्रॅम, २७ च्या जवळजवळ दुप्पट, आणि यात सेवेतलं आणि बाहेरच्या कचोरीतलं तेल धरलेलंच नाही. साखर माणशी ४० ग्रॅम, जलेबी आणि बिस्किटं वेगळी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं, २००० कॅलरीला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. मीठ, किलोची पुडी २४ दिवसांत म्हणजे माणशी ८ ग्रॅमच्या वर, आणि हवं ५ च्या आत. आणि डाळ? ४ किलो म्हणजे माणशी २७ ग्रॅम, पाहिजे त्याच्या एक तृतीयांश. भाजी २०० ग्रॅम, निम्मी.

कोणाचं ऐकू विचारलंस ना, तर या कागदाचं ऐक. नेटवर तुला रोज नवीन पदार्थ सांगतात आणि तू तो पदार्थ आणायला धावतेस, पण तुझ्या घरात पदार्थ बरोबरच आहेत गं, माप बिघडलंय. पोहे, वरण, पोळी, भाजी, कोशिंबीर, मालव्यातल्या मराठी घरात आणखी काय लागतं, नवीन काही आणायची गरज नाही, जे आहे त्यात एक चमचा इकडून काढून तिकडे घालायचाय.

क्विनोआचंच घे. १०० ग्रॅममध्ये १३-१४ ग्रॅम प्रोटीन असतं, चांगलंच आहे, पण आपल्या मुगाच्या डाळीत २४ च्या आसपास असतं आणि ती तुझ्या डब्यात आधीपासून बसलीय. डाळ-तांदळाची साधी खिचडी का चांगली, तर धान्यात लायसिन नावाचा प्रोटीनचा घटक कमी असतो तो डाळीत असतो आणि डाळीत जो कमी तो धान्यात असतो, दोन्ही एकत्र आले की एकमेकांची उणीव भरून निघते. खिचडीत तीन वाट्या तांदूळ आणि मूठभर डाळ असं करत असशील तर ते निम्मं-निम्मं कर, बस. चियाच्या ऐवजी जवस आण, मध्य प्रदेशातच पिकते, ओमेगा-३ तिच्यातही असतं, फक्त भाजून कुटायची, अख्खी गिळली तर तशीच पोटातून निघून जाते. लसूण-मिरची घालून सासूबाईंना जवसाची चटणी करायला सांग, त्यांना ती तुझ्यापेक्षा चांगली येत असणार आणि या सगळ्या भानगडीत त्यांना काहीतरी करायला मिळेल. चिया फेकू मात्र नकोस, आणलीयस तर दह्यात घालून संपव.

डाळीचं सविस्तर सांगते कारण तुझ्या घरात सगळ्यात मोठं भोक तिथंच आहे. रोजची सगळी मिळून १३० ग्रॅम होतेय, ती आधी २५० वर आण, एकदम ४२५ वर जाऊ नकोस, पोटं बिघडतील आणि मग सगळे म्हणतील बघ आम्ही सांगत होतो. आपल्या इंदूरला उसळ-पोहे कोणाला शिकवावे लागत नाहीत, तर यांच्या पोह्यांवर सेवेची मूठ घालतेस तिथं मोड आलेल्या मटकीची एक वाटी उसळ घाल आणि सेव वरून चिमूटभर, नुसती कुरकुरीतपणाला. पोह्यांवर भुरभुरायचा जीरावण मसाला राहू दे, पण त्यातही मीठ असतं म्हणून पोह्यात मीठ घालतानाच हात आखडता घे. लिंबू आवर्जून पिळ, त्यातल्या क जीवनसत्त्वानं पोह्यातलं आणि मटकीतलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि चहा मात्र पोह्यांबरोबर नको, तासाभरानं दे, चहातले टॅनिन तेच लोह अडवतात. यांना हे पटवायला वेळ लागेल, सकाळचा चहा सोडायचा नाहीये, पुढे ढकलायचाय एवढंच सांग.

दुसरं म्हणजे सोयाबीन. आपण अशा शहरात राहतो जिथं खंडवा रोडवर सोयाबीनची केंद्र सरकारची संशोधन संस्था १९८७ पासून आहे, सगळ्या मालव्यात सोयाबीन पिकतं, आणि आपल्या स्वयंपाकघरात ते तेल होऊनच येतं, याचं मला फार वाईट वाटतं. सोयाबीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. पण कच्चं दळून आट्यात घालायचं नाही, त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात ते उष्णतेनं जातात. मोठ्या पातेल्यात पाणी खळाखळा उकळू दे, त्या उकळत्या पाण्यात निवडलेलं सोयाबीन टाक, २०-२५ मिनिटं चांगलं उकळ, फेस येतो तो काढत राहा, मग पाणी टाकून दे, दाणे चोळलेस तर सालं सुटून वर येतात तीही काढ, आणि गच्चीवर चादरीवर कडक वाळव, दाताखाली कटकन फुटलं पाहिजे. मग नऊ किलो गव्हात एक किलो असं मिसळून चक्कीवर दे, एकटं सोयाबीन दळायला देऊ नकोस, तेलकट असतं, चक्कीला चिकटतं आणि चक्कीवाला परत घेणार नाही. पंधरा दिवसांपुरतंच दळ, जास्त ठेवलं तर खवट वास येतो. २० किलो आट्यात २ किलो सोयाबीन पडलं तर माणशी रोज ४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन वाढतं आणि पोळी तशीच राहते, माझ्याकडे पाहुण्यांना कळलंही नाही. सासऱ्यांच्या किडनीचे रिपोर्ट, ते क्रिएटिनिन वगैरे, वाढलेले असतील तर त्यांच्यापुरतं आधी डॉक्टरांना विचार, डाळ-सोयाबीन दोन्हीचं.

तेलाला माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो चालतो. महिन्याच्या एक तारखेला ७ च्या ऐवजी ६ लिटर आण आणि संपेपर्यंत दुसरं आणायचं नाही. दोन महिन्यांनी ५ वर ये. हिशोबानं पाच माणसांचं तेल-तूप मिळून साडेचार लिटरच्या आसपास बसतं, तिथं पोचायला तुला वर्ष लागलं तरी लागू दे. फोडणीला पळीनं ओततेस ते बंद करून चमचा घे, नुसता चमचा घेतला की हात आपोआप कमी होतो. सरकारच्या ईट राइट इंडिया मोहिमेत "आज से थोड़ा कम" असं एक वाक्य होतं, तेल, मीठ आणि साखर तिन्हींसाठी, मला ते फार आवडतं कारण त्यात बंद करा असं कुठंच नाही. नारळाचं तेल आणलंयस ते वापर पण हेल्दी म्हणून वर जास्तीचं ओतू नकोस, तेही त्याच मापात मोजायचं. तुपाचंही तसंच.

मिठाची पुडी उघडलीस की तिच्यावर पेनानं तारीख लिही. पाच जणांना रोज ५ ग्रॅम धरलं तर किलोची पुडी ४० दिवस पुरली पाहिजे, तुझी २४ पुरते. आमटीत, भाजीत थोडं कमी कर, कणकेत घालूच नकोस, भातात तर नाहीच, आणि ताटात वाढायचं मीठ बंद. तीन आठवड्यांत जिभेला सवय होते, पहिले चार दिवस कुरकुर होईल ती ऐकून घे. आणि सेवेच्या पाकिटाच्या मागे एकदा चष्मा लावून वाच, बऱ्याच पाकिटांवर १०० ग्रॅममध्ये ३५-४० ग्रॅम फॅट लिहिलेलं दिसेल, आणि सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, १००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. कुठल्याही पाकिटावर साहित्याची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणून "मल्टिग्रेन" बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं असेल तर ते मैद्याचंच बिस्कीट. मुलीला हे वाचायला शिकव, ९ वर्षांची आहे ना, दुकानात तिलाच वाचायला लाव, पोरांना असली शोधाशोध आवडते.

भाजी रोज किलोभर आणतेस ती आधी दीड किलो कर. रविवारी चोइथराम मंडीच्या बाजूला जाणं जमत असेल तर तीन दिवसांची एकदम आण, स्वस्तही पडते. काकडी-टोमॅटो-मुळा कापून ताट मांडायच्या आधीच टेबलावर ठेव, भूक लागलेली असते तेव्हा समोर असेल ते माणूस खातो. सासऱ्यांना आधी कोशिंबीर-भाजी, मग वरण आणि शेवटी एक वाटी भात असं वाढ, या क्रमानं खाल्लं की जेवणानंतरची शुगर तितकी वेगानं चढत नाही, आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीतच चालू दे. एक वाटी भात त्यांना दे गं, भात तोडला की माणूस चिडतो आणि चोरून जलेबी खातो, मी माझ्याच सासऱ्यांना पाहिलंय.

जलेबीचं यांच्याशी सरळ बोल. रोज नाही, रविवारी. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत मित्रांबरोबर महिन्यातून एकदा जाऊ दे, तळलेला गराडू कंद खाऊ दे थंडीत, इंदूरला राहून ते नाही खायचं तर काय. आपल्या छप्पन दुकानच्या खाऊगल्लीला एफएसएसएआयनं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, क्लीन स्ट्रीट फूड हब म्हणून मान दिलाय त्याचा मलाही अभिमान आहे, पण तो स्वच्छतेचा मान आहे, त्यानं कचोरीतलं तेल कमी होत नाही, एवढं मात्र लक्षात असू दे.

आणि रात्रीच्या त्या तासाभराच्या वाचनाचं. वाचू नकोस असं मी म्हणणार नाही, चांगलं लिहिणारी माणसं खूप आहेत, मीही त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. फक्त वाचताना आधी खाली जाऊन बघ, लिहिणारं कोण आहे, शिकलंय काय, आणि काही विकतंय का. पदार्थ किती माणसांचा, तेल किती चमचे हे लिहिलंय की नुसतं "गरजेनुसार"? एखादं खाणं विष आहे किंवा एखादं अमृत आहे असं आलं की तिथंच बंद कर. शरीर "डिटॉक्स" करून देतो म्हणणाऱ्यालाही सोड, ते काम लिव्हर आणि किडनी रोज फुकट करतात. गोळी सोडा म्हणणाऱ्याला तर ब्लॉकच कर. एनआयएनची ती सूत्रं नेटवर फुकट आहेत, आणि आपल्याकडच्या ५२८ खाद्यपदार्थांत काय किती असतं त्याचे तक्तेही त्याच संस्थेनं २०१७ मध्ये काढलेत, कुठं काही विश्वास बसणार नाही असं वाचलंस तर तिथं ताडून बघ.

सासूबाई, तुम्हीही हे वाचत असाल म्हणून तुम्हाला सांगते. सुनेनं भात बंद केला ते चुकलं, पण तिनं ते तुमच्या माणसाच्या काळजीनं केलं. मटकीला मोड आणायचं आणि जवसाच्या चटणीचं काम तुम्ही घ्या, आणि मीठ घालायचा चमचा एकाच हातात असू द्या, तुमच्या किंवा तिच्या, नाहीतर दोघींच्या हातून दोनदा पडतं.

आणि सूनबाई, डॉक्टर काय म्हणाले ते मला दोन ओळींत कळव. नवीन पुडी उघडलीस की तिच्यावरची तारीखही कळव, संपली त्या दिवशीची पण.

— मावशी